ड्रॉइंग येण्याआधी

कोल्हापूरच्या उद्यमनगरात सकाळी कुठल्याही शेडमध्ये डोकावून "नवीन काय?" म्हणून विचारलं, तर बहुतेक वेळा एकच उत्तर येतं. "ड्रॉइंग आलंय." ते पुण्याहून आलेलं असतं, चेन्नईहून आलेलं असतं, कधी परदेशातून पुण्यामार्गे आलेलं असतं. आलं की इथली धावपळ सुरू होते. रेतीत साचा उठवायचा पॅटर्न, आतल्या पोकळीसाठी रेतीचा गाभा (कोअर) घडवायचा कोअर बॉक्स, मग सॅम्पल, तपासणी, आणि मंजूर झालं की लॉट. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या पट्ट्यात ओतलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ट्रॅक्टर, ट्रक आणि पंपांच्या पोटात जाऊन बसतं. कोल्हापूरच्या फाउंड्रीचं नाव देशभर झालं ते याच कामावर. पण ते ड्रॉइंग तयार होताना कुठेतरी चारचौघं बसलेली असतात, बोललेली असतात, वस्तूचा आकार आणि पुढचा निम्मा खर्च तिथेच ठरवून मोकळी झालेली असतात. त्या बैठकीत कोल्हापूर नसतं.

एम.टेक.ला डिझाइन मॅनेजमेंट अँड इनोव्हेशन हा विषय शिकले, तेव्हापासून ही गोष्ट माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

आम्हाला तो इलेक्टिव्ह होता. फायनाइट एलिमेंट, व्हायब्रेशन, ट्रायबॉलॉजी यांच्या रांगेत जरा परका दिसायचा. गणितं कमी, वाचन जास्त आणि वर्गाबाहेर हिंडणं त्याहून जास्त. इंजिनिअरनं ताण काढावेत, व्यवस्थापन एमबीएवाल्यांनी बघावं, असं मानणारे वर्गात बरेच होते. मला मात्र पहिल्या तासालाच तो आपला वाटला, कारण मॅडमनी सुरुवात व्याख्येनं केलीच नाही. त्यांनी एका बेअरिंग हाउसिंगचं, म्हणजे बेअरिंग बसतं त्या घराचं, ड्रॉइंग सगळ्यांना वाटलं आणि म्हणाल्या, "यावरचा प्रत्येक आकडा कुणीतरी ठरवलाय. कुणी ठरवला, कधी ठरवला आणि ठरवताना त्याला काय काय माहीत होतं, ते लिहून आणा."

ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. काढलं कुणी, तपासलं कुणी, मंजूर केलं कुणी. सह्या, तारखा, रिव्हिजनचा नंबर. त्यावरून कागद कुणाच्या हातून गेला ते कळतं. बारा मिलिमीटरची भिंत बाराच का, याचं उत्तर त्या चौकटीत मिळत नाही. मी तो कागद घेऊन मामांकडे गेले.

मामा पॅटर्नमेकर. त्यांच्या दुकानात सागवानाचा भुसा, पॉलिशचा वास आणि भिंतीला टांगलेले जुने कोअर बॉक्स. टेबलावर दोन स्टीलच्या पट्ट्या कायम असतात. एक साधी, दुसरी कॉन्ट्रॅक्शनची. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून दुसऱ्या पट्टीवरचे १०० मिलिमीटर खरे १०१ भरतात. पॅटर्न मोठा करायचा, म्हणजे कास्टिंग मापात उतरतं. त्यात मशिनिंगसाठी वाढ धरायची, रेतीतून पॅटर्न सुटावा म्हणून उभ्या बाजूंना किंचित उतार द्यायचा. यातलं ग्राहकाच्या ड्रॉइंगवर बहुतेक काहीच नसतं. मामांनी कागद उजेडात धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि एका जागेवर नख टेकवलं. बेअरिंग बसतं तो जाड भाग, म्हणजे बॉस, त्याला चारी बाजूंनी येऊन मिळणाऱ्या आधाराच्या पट्ट्या, म्हणजे रिबा, आणि खालून नेमका तिथंच बोल्टचा पॅड.

"हितं समदं लोखंड गोळा झालंय बघ. कडंचं आधी गार हुतंय, ह्ये मधलं मागं ऱ्हातंय. मागं ऱ्हायलेल्याला लोखंड कुठनं मिळणार? मग आत पोकळ सुटतंय."

"मग काय करायचं, मामा?"

"रिबा समोरासमोर आणायच्या न्हाईत. जरा मागंपुढं सरकवायच्या. पॅड थोडा बाजूला घ्यायचा. झालं."

"तुम्ही सांगितलं का त्यांना?"

"आमास्नी इचारतंय कोण, बाळ? पॅटर्न कवा देतायसा, एवढंच इचारत्यात."

मामांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. रोजचा व्यवहार जसा सांगतात तसं सांगितलं आणि रंधा हातात घेतला.

पुढं काय होतं ते फाउंड्रीत उभं राहिलं की दिसतं. जाड जागेवर राइझर, म्हणजे जादा लोखंडाचा साठा, बसवतात, म्हणजे आकसताना कमी पडणारं लोखंड तिथून मिळतं. नाहीतर साच्यात चिल, म्हणजे धातूचा तुकडा, ठेवतात, म्हणजे ती जागा लवकर गार होते. दोन्ही उपाय चालतात. पण राइझरचं लोखंड वितळवावं लागतं, ओतावं लागतं, कापून काढावं लागतं, घासून जागा साफ करावी लागते आणि तोच तुकडा पुन्हा भट्टीत टाकावा लागतो. इंडक्शन फर्नेसच्या वीजबिलात तो प्रत्येक फेरीला हजर असतो. रिबा सरकवायला ड्रॉइंग बनत असताना एक दुपार पुरली असती. ड्रॉइंग सुटल्यानंतर तेच करायचं तर बदलाचा अर्ज, नव्यानं ताणाचं विश्लेषण, नवीन सॅम्पल, जुळणाऱ्या भागांची फेरतपासणी आणि ग्राहकाची मंजुरी. या वाटेला कुणी जात नाही. वर्षानुवर्षं राइझर ओतला जातो.

डिझाइन मॅनेजमेंटचा गाभा मला इथे कळला. खर्च शॉप फ्लोअरवर होतो, पण तो ठरतो फार आधी, जेव्हा कागदावर दोनच रेघा असतात आणि बदल फुकटात होतो. त्या वेळी कुणाला बोलावलं, कुणाचं ऐकलं, कुठला प्रश्न उघडा ठेवला आणि कुठला बंद केला, हे सांभाळणं म्हणजे या विषयाचं काम. बाकीच्या पद्धती, तक्ते, आकृत्या त्यासाठीची हत्यारं. ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलचा डबल डायमंड आता सगळीकडे शिकवतात: आधी प्रश्न पसरून बघा, मग आवळा, मग उत्तरं पसरा, मग आवळा. आकृती छान आहे. पण कोल्हापुरात काम पोचतं ते दुसरा हिरा आवळून झाल्यावर, हे त्या आकृतीकडे बघताना माझ्या लक्षात आलं आणि मग ती आकृती नुसती पाठ करणं जमेना.

त्याच सुमारास लायब्ररीत एक निबंध हाती लागला. लंडन बिझनेस स्कूलच्या पीटर गॉर्ब आणि अँजेला ड्यूमास यांनी १९८७ मध्ये सायलेंट डिझाइन अशी कल्पना मांडली. कंपन्यांमध्ये डिझायनर हा हुद्दा नसलेली कितीतरी माणसं वस्तूचा आकार ठरवणारे निर्णय घेत असतात. खरेदीतला माणूस, उत्पादनातला सुपरवायझर, सर्व्हिसवाला. ते स्वतःला डिझायनर म्हणवत नाहीत, त्यांना तसं कुणी म्हणतही नाही. वाचताना मला मामांचं नख दिसत होतं. त्या दोघांचं मी फार ऋण मानते, कारण माझ्या घरातल्या कामाला अभ्यासात जागा मिळाली ती त्यांच्यामुळे. फक्त एक गोष्ट मला कोल्हापुरातून वेगळी दिसते. इथली माणसं गप्प नाहीत. विचारलं की पाच मिनिटांत सांगतात, आणि नेमकं सांगतात.

आमचा प्रोजेक्ट करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर होता. इतर गटांनी हेल्मेट, व्हीलचेअर असे विषय घेतले होते. तेही चांगले झाले. आम्हाला हंगाम गाठायचा होता, म्हणून सुरुवातीलाच तिकडे गेलो. ठरवलं होतं चुलवाणाची कार्यक्षमता वाढवायची. किती चिपाड जळतं, काहिलीला किती उष्णता लागते, धुराड्यातून किती जाते, सगळं मोजायचं. तापमान मोजायचे थर्मोकपल घेऊन गेलो होतो.

पहिल्या दिवशी मॅडमनी उपकरणं पिशवीबाहेर काढू दिली नाहीत. "आधी बघा," म्हणाल्या. मग बघत बसलो. चुलवाणाच्या तोंडाशी बसलेला गडी हातानं चिपाड आत सारत होता. दर वेळी तोंड वळवायचा, खांदा पुढे करायचा, हात आत, हात बाहेर. अंगावर ओलं पोतं. तासन्‌तास तेच. वर काहिलीशी गुळव्या उभा. मळी काढून झाली होती, रस तांबूस झाला होता, बुडबुडे जड व्हायला लागले होते. गुळाचा पाक ११८ अंशांच्या आसपास उतरवतात असं आम्ही वाचून गेलो होतो. गुळव्यानं पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला, बोटांत धरून गोळी वळवली, आणि खाली न बघताच आवाज दिला, "जाळ मोड!" खालच्या गड्यानं चिपाड ओढून घेतलं.

आम्ही लगेच चिपाड आपोआप सरकवणारं एक घसरण काढलं. गड्याचा हात आगीपासून लांब राहील, जाळही एकसारखा लागेल. स्केच घेऊन गेलो तर गुळव्यानं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मी जाळ मोड म्हटल्यावर ह्ये ऐकतंय व्हय?" भट्टीचं नियंत्रण हे वरच्या आणि खालच्या माणसातल्या बोलण्यावर चालतं, हे आमच्या कुठल्याही तक्त्यात आलं नव्हतं. घसरण ठेवलं, पण त्याला हातानं ओढून बंद करायची झडप दिली आणि गड्याची बसायची जागा अशी हलवली की त्याला गुळव्या दिसेल. ती जागा ठरवायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि अहवालात मला सगळ्यात मोलाचं पान तेच वाटतं.

मेल्विन कॉन्वे या संगणकतज्ज्ञानं १९६८ मध्ये लिहिलं की संस्था जी प्रणाली घडवते, तिची रचना त्या संस्थेतल्या बोलण्याच्या वाटांसारखीच होते. सॉफ्टवेअरवाले हे नेहमी सांगतात. मला ते बेअरिंग हाउसिंगमध्ये दिसतं. रिबा काढणारा आणि बोल्टचा पॅड काढणारा एकमेकांशी बोलले नसावेत. लोखंड जिथे गोळा झालं तिथे त्यांच्यातलं अंतर ओतलं गेलं.

स्टुअर्ट प्यू यांची तुलनेची पद्धत आम्ही वर्गात शिकलो. एक पर्याय आधार म्हणून धरायचा, बाकीचे पर्याय प्रत्येक निकषावर त्याच्यापेक्षा सरस, कमी की सारखे, एवढंच नोंदवायचं. अधिक, उणे, सारखं. आकड्यांचा खोटा नेमकेपणा नाही, म्हणून मला ती आवडते. वर्गात आमचे निकष होते वजन, मजबुती, किंमत, दिसणं. तोच तक्ता मी मामांच्या दुकानात भिंतीला लावला, तर त्यांनी खाली आणखी ओळी घालायला लावल्या. पॅटर्न रेतीतून सुटेल का. कोअर बसवताना हलेल का. फेटलिंगवाल्याचा, म्हणजे ओतकाम घासून साफ करणाऱ्याचा, ग्राइंडर आत जाईल का. पर्यायांचा क्रम बदलला. आमचा आवडता पर्याय खाली गेला आणि कुणाला त्यात वाईट वाटायचं कारण नव्हतं, कारण तो साच्यातून निघालाच नसता. निकष कोण लिहितो यावर निकाल ठरतो. पाठ्यपुस्तकांमध्ये या प्रश्नाला फार थोडी जागा आहे, ती वाढायला हवी असं मला मनापासून वाटतं.

कोल्हापूरला आधीपासून फक्त आलेल्या ड्रॉइंगवर काम करायची सवय होती असंही नाही. बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये याच गावात सिनेमाचा कॅमेरा तयार केला, विष्णुपंत दामल्यांच्या साथीनं. परदेशी कॅमेरा मागवायची ऐपत आणि सोय नसताना, यंत्र उघडून, समजून घेऊन, भाग घडवून. त्याच बाबूरावांनी पडदे रंगवले, सेट उभे केले, पोस्टर काढली. यंत्र आणि रूप एकाच डोक्यात नांदत होतं. पुढे शेतीच्या ऑइल इंजिनांचा काळ आला. इथल्या मेस्त्रींनी इंजिनं खोलून मापं घेतली, आपल्याला जमेल तसे बदल केले आणि विहिरी-नद्यांवर आपली इंजिनं बसवली. वीज पोचली, इलेक्ट्रिक मोटारी आल्या, इंजिनांची मागणी ओसरली, आणि त्याच हातांनी वाहन उद्योगाचं जॉबवर्क उचललं. पोट भरलं, कारखाने वाढले, गुणवत्ता जगाच्या तोडीची झाली. पण वस्तू काय असावी हे ठरवण्याचा अधिकार त्या वळणावर गावाबाहेर गेला.

तो परत मिळवता येतो का? जपान, अमेरिका आणि युरोपातल्या मोटार उद्योगाचा अभ्यास करून किम क्लार्क आणि ताकाहिरो फुजिमोतो यांनी १९९१ मध्ये एक फरक स्पष्ट दाखवला. एक पद्धत अशी की कंपनी पूर्ण ड्रॉइंग देते आणि पुरवठादार तसा भाग बनवतो. दुसरी अशी की कंपनी फक्त काम, जागा, भार आणि किंमत सांगते. ड्रॉइंग पुरवठादार काढतो आणि कंपनी ते मंजूर करते. जपानमध्ये दुसऱ्या पद्धतीचं प्रमाण बरंच मोठं होतं, आणि त्यांच्या गाड्या लवकर तयार होण्याचं ते एक कारण होतं. हे वाचलं तेव्हा मी वहीत उद्यमनगरातल्या ओळखीच्या शेडांची यादी करायला घेतली: यातल्या कुणाकडे स्वतः ड्रॉइंग काढण्याइतकं ज्ञान आहे? ज्ञान बहुतेकांकडे होतं. ते कागदावर मांडणारं माणूस नव्हतं. कोल्हापूरच्या एम.टेक.वाल्यांनी तिथं असायला हवं. आमची मुलं पदवी घेऊन पुण्या-बंगळुरात सिम्युलेशन करतात, ते काम चांगलंच आहे. पण ज्या गावात ओतकामाचं एवढं शहाणपण साठलंय, तिथं ते आकृतीत उतरवणारा इंजिनिअर नसावा याची मला फार हळहळ वाटते.

चपलांचं उदाहरणही याच विषयात शिकले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. २०२५ मध्ये मिलानच्या प्राडाच्या शोमध्ये तशाच चपला दिसल्या तेव्हा सगळ्यांचा संताप झाला, माझाही. पण बौद्धिक संपदेचा धडा तेव्हाच नीट समजला. मानांकन नावाला आणि मूळ ठिकाणाला संरक्षण देतं, आणि तेही ज्या देशात नोंद आहे तिथं. आकाराला संरक्षण हवं तर डिझाइन्स ॲक्ट, २००० खाली नोंद करावी लागते. ती दहा वर्षांची, वाढवून पंधरा. आणि नोंदीला आकार नवा असावा लागतो. कापशी, पुकरी, बक्कलनाळी यांचे घाट पिढ्यान्‌पिढ्यांचे, त्यांची नोंद होणार नाही. सुभाषनगरातला कारागीर आज नवा घाट काढतो तेव्हा मात्र होऊ शकते. तो काढतोही. फोटो काढून ठेवणं, तारीख टाकणं, बाजारात मांडण्याआधी अर्ज करणं, एवढी मदत त्याला कुणी करत नाही. इंजिनिअरिंगच्या एखाद्या गटानं सेमिस्टरभर तेवढंच काम केलं तरी मी त्याला पूर्ण गुण देईन.

आमच्या पदव्युत्तर शिक्षणाबद्दल एक स्पष्ट सांगते. डिझर्टेशनमध्ये ताणाचा आकडा तिसऱ्या दशांशापर्यंत नेतात, आणि तो भाग तसा का आहे हे विचारायला एक पानही ठेवत नाहीत. विश्लेषण हवंच, त्याशिवाय बोलणं पोकळ. पण विश्लेषणाला घेतलेला भाग कुठून आला, त्याचा ब्रीफ, म्हणजे काय हवंय त्याची मागणी, कुणी लिहिला, तो बनवणारा काय म्हणतो, हे पहिलं प्रकरण असायला हवं. मार्गदर्शकांनी हे मागितलं तर मुलं करतील. आमच्या मॅडमनी मागितलं होतं, म्हणून आम्ही केलं.

सध्या मी एका कारखान्याच्या डिझाइन विभागात आहे. पंपाच्या केसिंगचं नवं काम हाती आहे. या वेळी मॉडेल पक्कं होण्याआधीच शिरोलीच्या एका पॅटर्नमेकरना बोलावलं. थ्रीडी प्रिंट केलेला छोटा नमुना त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा धरला, अंगठा आतून फिरवला, आणि पार्टिंग लाइन, म्हणजे साचा दोन भागांत उघडतो ती रेघ, कुठे घ्यायची ते पेन्सिलीनं त्याच्यावरच आखून दाखवलं. त्या रेघेनं एक कोअर वाचला.

आता प्रश्न त्यांच्या बिलाचा आहे. पॅटर्न अजून बनलेलाच नाही, तर पैसे कशाचे, असं लेखा विभागानं विचारलं. टूलिंगच्या खर्चात दाखवा, पुढच्या पॅटर्नच्या रकमेत मिळवा, असंही सुचवलं. मी नको म्हणून कळवलंय. जीएसटीच्या यादीत इंटिरिअर, फॅशन, औद्योगिक अशा खास डिझाइन सेवांना मिळून ९९८३९१ हा क्रमांक आहे, तोच बिलावर घालायला पॅटर्नमेकरना सांगितलं आहे. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली, की डिझाइन असंच लिहायचं ना. बिल सोमवारी येईल. केसिंगच्या ड्रॉइंगवरच्या चौकटीत आणखी एक रकाना वाढवायचा अर्जही मी त्याच दिवशी देणार आहे.